तारेवरचा कोतवाल आणि शेंड्यावरचा राखी कोतवाल

डिसेंबरात गोव्यातल्या बोंडल्याच्या किंवा मोलेच्या रानात उंच सुक्या फांदीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी दिसला की पुष्कळजण वहीत ‘कोतवाल’ लिहून पुढे जातात. रानातल्या त्या पक्ष्याबाबत ही नोंद बहुधा चुकते, तो राखी कोतवाल असतो. कोतवाल गोव्यात वर्षभर असतो. राखी कोतवाल मात्र हिमालयाकडे वीण उरकून ऑक्टोबरच्या सुमारास उतरतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो.

आधी जागा पाहा. कोतवालाला मोकळीक लागते: वायंगणाची (हिवाळी भाताची) शेतं, विजेच्या तारा, चरणाऱ्या म्हशीची पाठ. राखी कोतवाल झाडांचा. शेंड्यावरून हवेत झेपावून किडा पकडतो आणि बरेचदा त्याच फांदीवर परततो. पण नुसत्या जागेवर निकाल देऊ नका, कारण रानाच्या कडेला आणि कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) आसपास दोघेही भेटतात.

खरी खूण डोळ्यात. राखीचा डोळा लालभडक, कोतवालाचा गडद तपकिरी, लांबून काळाच वाटणारा. मग चोचीचा कोपरा: तिथे पांढरा ठिपका असेल तर तो कोतवाल. ठिपका बारीक असतो, पक्ष्याने मान वळवेपर्यंत थांबावं लागतं. शेवटी पोट. कोतवाल खालूनही चकचकीत काळा, राखीचं पोट पाटीसारखं करडं आणि बिनचमकीचं. शेपटीवर विसंबू नका. दोघांचीही खोल दुभंगलेली असते, आणि पिसं झडत असली तर तीही खूण जाते.

सगळ्यात जास्त घोटाळा उजेडामुळे होतो. पांढऱ्या आभाळासमोर राखीही कोळशासारखा दिसतो. सकाळी सात ते नऊ या वेळात सूर्य पाठीशी येईल असे उभे राहा. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते. फोटो घेताना एक्स्पोजर +१ (फोटो जरा उजळ) ठेवा, नाहीतर करडेपणा काळ्यात बुडतो.

पिल्लं आणखी फसवतात. कोतवालाच्या पिल्लाच्या पोटावर पांढरे खवले असतात, तर राखीच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाचा डोळा मळकट तपकिरी असू शकतो. अशा वेळी ठिपका आणि पोट, दोन्ही जुळवा.

गर्द रानात लहान चणीचा, धातूसारखा झळकणारा, शेपटीला उथळ खाच असलेला कोतवाल दिसला तर तो या दोघांपैकी नाहीच. तो तिथलाच छोटा कोतवाल. आणि डोळा, ठिपका, पोट यातलं काहीच नीट दिसलं नसेल तर वहीत ‘कोतवाल, जात अनिश्चित’ असं लिहा. ती नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.