हात मनगटावर, नजर छातीवर

वॉर्डातल्या सिस्टर तुमचं मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या असतील, तर त्या नाडीच मोजतायत असं समजू नका. नाडी आधीच मोजून झालेली असते. हात तसाच ठेवून त्यांची नजर हळूच तुमच्या छातीवर गेलेली असते. ‘आता श्वास मोजते हं’ म्हटलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो आणि आकडा बिघडतो. म्हणून ही छोटीशी लबाडी नर्सिंग शिकतानाच अंगवळणी पडते.

नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप या सगळ्यांना यंत्रं आली. जनरल वॉर्डात श्वास मात्र बहुतेक ठिकाणी अजून डोळ्यांनीच मोजतात, तोही नीट मोजायचा तर पूर्ण एक मिनिट. तीस पेशंट म्हणजे नुसत्या श्वासांनाच अर्धा तास. मग चार्टवर 18, 20, 18, 20 असे आकडे ओळीनं पडतात. ते सगळेच मोजलेले असतात असं नाही. गंमत अशी की अंदाजानं टाकला जाणारा हाच आकडा पुष्कळदा सगळ्यांच्या आधी हललेला असतो.

तो का हलतो? समजा, पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या आजोबांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागलाय. पेशींना प्राणवायू पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साचतं आणि रक्त आम्लाकडे झुकतं. मानेतल्या मोठ्या धमन्यांपाशी या बदलावर पहारा ठेवणाऱ्या पेशी असतात. त्या मेंदूला कळवतात आणि श्वास वाढतो, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणं हा आम्ल कमी करण्याचा सगळ्यात झटपट उपाय. तोवर हृदय धावपळ करून रक्तदाब सावरून धरतं. बोटावरचा ऑक्सिमीटर 97 दाखवतो, पण ते 97 वाढलेल्या श्वासानंच टिकवलेलं असतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. उतारवयात ताप येईलच असंही नाही. चार आकडे ‘ठीक आहे’ म्हणतात, आणि पाचवा असतो 26. अर्थात, कुणी मोजला तर.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 साली पेशंटची तब्येत बिघडतेय का हे लवकर ओळखायला ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाची गुणपद्धत आणली. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असेल तर शून्य गुण, 21 ते 24 असेल तर दोन, 25 किंवा जास्त असेल तर तीन. इथे गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त, आणि एकाच मोजमापाला तीन मिळाले तरी पेशंट ताबडतोब बघायचा. 2017 च्या सुधारित आवृत्तीत, पेशंट नव्यानंच गोंधळल्यासारखा वागू लागला तर त्यालाही तीन गुण दिले. माझ्या मते ही फार मोलाची भर आहे. काल सिस्टरला नावानं हाक मारणारे आजोबा आज नुसती चादरीची कड चाळवतायत, हे ज्यानं काल त्यांना पाहिलंय त्यालाच कळणार.

तोच आकडा जागा बदलली की वेगळं बोलतो. तान्ह्या बाळाचा 45 श्वास नॉर्मल, तेवढाच मोठ्या माणसाचा असेल तर धावपळ. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60, वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 या धोक्याच्या रेषा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी साधन बनवलं होतं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनियाची शंका घ्यायची.

ऑपरेशननंतर दुखणं थांबवायला मॉर्फिन चालू असलेल्या पेशंटचं गणित उलटं. तिथे भीती श्वास मंदावण्याची. नाकाला ऑक्सिजन लावलेला, मॉनिटरवर 98, आणि नातेवाईक समाधानानं सांगतात, ‘बरं झालं, शांत झोपलेत.’ सिस्टर मात्र खांदा हलवून हाक मारतात. श्वास 8 वर आला असेल तर कार्बन डायऑक्साइड आत साचत असतो, आणि ऑक्सिमीटर तो मोजतच नाही.

हे सगळं बघायला माणूस जागेवर हवा. युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे. एका नर्सकडे एक पेशंट वाढला, की ऑपरेशन झालेल्यांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त आढळली. आपल्याकडे रात्रपाळीला एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळते, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तर नर्सच्या नुसत्या ‘काहीतरी बिनसलंय’ या भावनेचाच पद्धतशीर अभ्यास केला. तिच्यामागे बदललेला श्वास, हुडहुडी, अस्वस्थपणा, गार पडलेले हातपाय अशी दिसणारी कारणं असतात. पण रात्री अडीचला फोनवर ‘सर, बारा नंबरचे आजोबा बरे दिसत नाहीत’ म्हटलं, तर ‘सकाळी राउंडला बघतो’ हे उत्तर ठरलेलं. अनुभवी सिस्टर तसं सांगतच नाहीत. ‘सर, बारा नंबर, पोटाचं ऑपरेशन, आज दुसरा दिवस. संध्याकाळी श्वास अठरा होता, आता सव्वीस. सहा तासांत लघवी फक्त शंभर एमएल. हाक मारली तर उत्तर भलतंच देतायत. तुम्ही आत्ता येऊन बघा.’