उन्हाळ्यात तळ्यातला मासा गळाला का लागत नाही?

सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे पारा चाळीसच्या पुढं, तरी सुट्टीत गळ घेऊन तळ्यावर बसणारी मंडळी काय कमी होत नाहीत. कणकेचा गोळा लावायचा, दुपारभर दोरीला बांधलेल्या तरंगत्या बुचाकडं बघत बसायचं, गोळा तसाच परत येतो आणि मग "तळ्यात मासेच राहिले नाहीत" म्हणत घरी. मासे असतात हो. त्यांना त्या वेळी खायचंच नसतं, आणि त्यामागं पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा हिशोब आहे.

पाणी जितकं तापेल तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. त्यात माशाचं अंग पाण्याबरोबरच तापतं, शरीराचं काम वाढतं, म्हणजे ऑक्सिजन जास्त लागतो नेमका तेव्हाच तो कमी असतो. खाल्लेलं पचवायलाही ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून असा मासा समोर शेंगपेंड टाकली तरी तोंड लावत नाही.

आता सगळे सांगतात की पहाटे जा, पण हिरव्यागार पाण्याच्या तळ्यावर मला ते पटत नाही. पाणी हिरवं दिसतं ते बारीक शेवाळामुळं, ते दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं खरं पण रात्री स्वतःच घेत राहतं, त्यामुळं सूर्य उगवायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. ऊन पडल्यावर तासा-दोन तासांनी जा, नाहीतर संध्याकाळी. आणि गळ तळाला सोडू नका. निर्माल्य, सांडपाणी, कुजलेली जलपर्णी सगळं खाली बसतं, ते कुजवणारे जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात, म्हणून एरवी तळाशी चरणारा मृगळसुद्धा वर सरकतो. रोहू मधल्या थरातला, कटला वरच्या, तेव्हा बूच दोरीवर खाली गळाकडं सरकवून गळ उथळ ठेवा.

मरळीचं मात्र वेगळं. तिच्या कल्ल्यांच्या वर हवेतनं श्वास घ्यायचा अवयव असतो, ती अधूनमधून वर येऊन हवा घेते, आणि वर येऊच दिलं नाही तर पाण्यातच गुदमरून मरते! चिलापीही कमी ऑक्सिजनमध्ये बराच तग धरते, म्हणूनच घाण तळ्यात शेवटी हेच मासे जास्त दिसतात.

सिद्धेश्वर तलावात मासे मेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात तेव्हा लोकांना लगेच विषाचा संशय येतो. कधी तसंही असेल, पण वळवाचा पाऊस जोरात झाला की तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी ढवळून वर येतं, वर ढगाळ दिवस असेल तर शेवाळाचंही काम थंडावतं, आणि एका रात्रीत शेकडो मासे मरू शकतात.

म्हणून कळकळीनं सांगतो, सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसले तर गळ टाकूच नका, महापालिकेला कळवा. आणि परवानगी असलेल्या तळ्यावर पकडलेला मासा सोडणार असाल तर हात आधी ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग बुरशी, जिवाणू आत शिरतात. उन्हाळ्यात तर त्याला तंगूसवर, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीवर, फार वेळ खेळवूही नका, झटापटीत दमलेल्या माशाला गरम पाण्यात सावरायला पुरेसा ऑक्सिजनच मिळत नाही, पोहत गेलेला दिसला तरी तो नंतर मरू शकतो.