कोलेस्टेरॉल आणि दृष्टिपटल

रक्तातील कोलेस्टेरॉल रोहिण्यांच्या भिंतींत साचले की दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा, रक्तपुरवठा धोक्यात येतो. हे साचणे बहुधा डोळ्यात नव्हे, मानेत होते. ग्रीवा रोहिणीतल्या थराचा कण सुटतो, नेत्ररोहिणीतून पडद्यात येतो आणि बारीक रोहिणीच्या फाट्यावर अडकतो. बाहुली मोठी करून पाहिले असता तो पिवळा, चकाकणारा दिसतो. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट हॉलनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये त्याचे वर्णन केले. कण चपटा असतो, बाजूने रक्त वाहत राहते. त्यामुळे अनेकांना काहीच जाणवत नाही. तरी मानेची डॉप्लर सोनोग्राफी, ईसीजी आणि हृदयाचा इको करून घ्यावाच, कारण पुढचा कण मेंदूत जाऊ शकतो.

पडद्याची मुख्य रोहिणीच तुंबली तर एका डोळ्याची नजर क्षणात जाते, अजिबात न दुखता. पडदा फिका पडतो, मधोमध लाल ठिपका उरतो. रक्त पूर्ण थांबले तर सुमारे चार तासांत, कधी त्याआधीही, कायमची हानी होते. कोकणात घात होतो तो इथेच. दुखत नाही म्हणून रात्र काढली जाते, किंवा मोतीबिंदू समजून शिबिराची वाट पाहिली जाते. मोतीबिंदूने नजर हळूहळू मंदावते, अशी एकाएकी जात नाही. देवगड-मालवणच्या रुग्णाने अशा वेळी चष्म्याच्या दुकानात वेळ न घालवता १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे. अंधारी पाच मिनिटांत निघून गेली, तरीही. तो पक्षाघाताचा इशारा असतो.

पडद्यावर रोहिणी आणि नीला एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचे बाह्य आवरण एकच असते. कडक झालेली रोहिणी नीलेला दाबते, नीला तुंबते, रक्तस्राव होऊन पडद्याला सूज येते. यात उच्च रक्तदाबाचा वाटा मोठा. मधुमेहात गळक्या केशवाहिन्यांतून मेद झिरपून पिवळे कडक डाग पडतात. ते मध्यबिंदूवर आले की वाचता येत नाही. उतारवयात पडद्याखाली साठणाऱ्या ड्रूझेन नावाच्या ठिपक्यांमध्येही कोलेस्टेरॉल असते, पण रक्तातले कमी केले म्हणजे ड्रूझेन विरघळतात असे नाही.

आहारात खोबरेल जपून वापरावे, त्यातला सुमारे नव्वद टक्के मेद संपृक्त असतो. बांगडा, तारली उत्तम, पण भरपूर तेलात तळण्यापेक्षा तिखले करून. कोळंबीत कोलेस्टेरॉल जास्त असले तरी संपृक्त मेद कमी असतो. ती पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते. तंबाखू आणि विडी मात्र सोडायलाच हवी. रोहिणीचा आजार ठरलेल्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सहसा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली ठेवतात. त्यासाठीची स्टॅटिनची गोळी अहवाल सुधारला म्हणून परस्पर थांबवू नये.

पडदा तपासायला जाताना सोबत कोणीतरी असावे. थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो आणि पुढचे चार-सहा तास नजर धूसर राहते. तेवढ्या वेळात दुचाकी चालवू नये.