पुढचा सीझन आणि पुनरागमन: चाहत्याने नेमकं काय मागायचं?

ऑक्टोबर 2018 मध्ये ‘सीआयडी’ थांबली तेव्हा वाहिनीने सांगितलं की हे मध्यंतर आहे, मालिका नव्या सीझनसह परतेल. 27 ऑक्टोबरला 1547वा भाग लागला. त्यानंतरचा नवा भाग बघायला 21 डिसेंबर 2024 उजाडला. मधल्या सहा वर्षांत आम्ही चाहते ‘पुढचा सीझन कधी?’ असं विचारत राहिलो. मालिकेला मुदतवाढ मिळणं आणि थांबलेली मालिका परत येणं, या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. चाहत्याला दोन्हींत एकच आनंद दिसतो. वाहिनीच्या कचेरीत मात्र दोन्हींचा हिशेब वेगळा असतो, आणि आपला आवाज कधी उपयोगी पडेल हे त्या हिशेबावरच ठरतं.

मुदतवाढीच्या वेळी सेट उभा असतो, कलाकार बांधलेले असतात, लेखकांच्या डोक्यात पुढचं कथानक चालू असतं. प्रश्न एवढाच असतो की हे पुढे चालवणं परवडतं का. अमेरिकेत मोठ्या वाहिन्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांपुढे येत्या वर्षाचं वेळापत्रक मांडतात, म्हणून बहुतेक निर्णय त्याच्या आगेमागे होतात. प्रेक्षकसंख्या बघितली जाते, पण तेवढ्यावर भागत नाही. मालिका जितकी जुनी, तितकी ती महाग होते, कारण दर नव्या करारात मानधन चढतं.

‘ब्लू ब्लड्स’चं उदाहरण माझ्या मनाला फार लागलं. न्यूयॉर्कच्या एका पोलीस कुटुंबाची ही मालिका सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर 2010 पासून शुक्रवारी रात्री लागायची आणि प्रेक्षक शेवटपर्यंत टिकून होते. चौदावा सीझन व्हावा म्हणून कलाकार आणि निर्मात्यांनी मानधनात 25 टक्के कपात मान्य केली. तरी नोव्हेंबर 2023 मध्ये वाहिनीने जाहीर केलं की हाच शेवटचा सीझन. मुख्य भूमिकेतल्या टॉम सेलेक यांनी निर्णय बदलावा म्हणून उघडपणे आपलं म्हणणं मांडलं. उपयोग झाला नाही. डिसेंबर 2024 मध्ये 293 भागांवर मालिका संपली. उलट 1999 पासून चालू असलेल्या ‘लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ला 2020 मध्ये एनबीसी या दुसऱ्या अमेरिकी वाहिनीने एकदम तीन सीझनची मुदतवाढ देऊन टाकली. बघणाऱ्यांचं प्रेम दोन्हीकडे होतं, म्हणून प्रेमाच्या जोरावर मुदतवाढ मिळते असं मी कुणाला सांगणार नाही.

आपल्याकडे वर्षाकाठी असा जाहीर निकाल लागत नाही. टीआरपी बरा आहे तोवर मालिका चालते, वेळ बदलते, वार बदलतात. ‘सीआयडी’ 21 जानेवारी 1998 पासून वीस वर्षं अशीच चालली. त्यामुळे चाहत्याला धास्ती वाटावी अशी ठरलेली तारीखच नव्हती, आणि ओरडा करायची वेळ आली तेव्हा निर्णय होऊन गेला होता.

पुनरागमनात सगळं पहिल्यापासून जमवावं लागतं. सेट गेलेला, करार संपलेले, माणसं दुसऱ्या कामांत अडकलेली. ज्याने मालिका बंद केली तो अधिकारीही बहुतेक वेळा त्या खुर्चीत उरलेला नसतो. इथे विचारलं जातं ते जुन्या नावाची आज किती ओढ आहे. मूळ ‘लॉ अँड ऑर्डर’ एनबीसीने मे 2010 मध्ये वीस सीझननंतर बंद केली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तीच मालिका एकविसाव्या सीझनने परत आणली. जुन्या कलाकारांपैकी सॅम वॉटरस्टन आणि अँथनी अँडरसन परतले. बाकी चेहरे बहुतेक नवे होते. ‘सीआयडी’ची ओढ मधल्या काळात उलट वाढली, कारण जुने भाग यूट्यूबवर फिरत राहिले आणि दार तोडणारा दया मीम्समधून रोज दिसत राहिला.

पण मधली वर्षं भरून येत नाहीत. फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्ये गेले. मालिका परतली तेव्हा एसीपी प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम 74 वर्षांचे होते. विचारात पडल्यावर चेहऱ्यासमोर हात धरून हवेत बोटं फिरवण्याची ती लकब अजून तशीच आहे, फक्त हात थोडा सावकाश वळतो. साटम आणि मालिकेचे कर्ते बी. पी. सिंग यांची जोडी आम्हा मराठी प्रेक्षकांना दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’पासून ओळखीची, म्हणून ते जास्तच जाणवतं. 2018 मध्ये मुदतवाढ मिळाली असती तर फडणीसांची आणखी काही वर्षं आपल्याला पडद्यावर मिळाली असती. पुनरागमन ते देऊ शकत नाही.

(तिसरा प्रकार म्हणजे फांदी फुटणं. ‘ब्लू ब्लड्स’ संपल्यावर तिच्यातल्या डॅनी रेगनला घेऊन ऑक्टोबर 2025 मध्ये ‘बॉस्टन ब्लू’ आली. पात्र तेच, शहर आणि घर दुसरं. मूळ मालिका मागणाऱ्याचं त्यावर समाधान होईल असं मला वाटत नाही.)

चाहत्यांचा आवाज सर्वांत लवकर कुठे पोचतो, तर चालू मालिकेत. एप्रिल 2025 मध्ये ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला, त्या खुर्चीवर नवा अधिकारी आणला आणि प्रेक्षक भडकले. थोड्याच काळात साटम पुन्हा पडद्यावर होते. सेट उभा होता, माणूस जवळ होता, लेखकांनी वाट काढली. बंद पडलेल्या मालिकेसाठी तेवढाच आरडाओरडा सहा वर्षं करावा लागला होता. म्हणून आवडती मालिका चालू असतानाच ती दर आठवड्याला बघा, अधिकृत ठिकाणी बघा, आणि वाहिनीला लिहा. ‘सीआयडी’साठी मी तेच करतो आहे, अभिजीत आणि दया एकाच गाडीतून उतरताना मला अजून पुष्कळ बघायचे आहेत.