मुसळ की तुळई?

‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.’ ही म्हण आपण शाळेत पाठ केलेली असते. मग बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय मराठीत वाचताना वाटतं की येशू आपलीच म्हण सांगतोय, कारण तिथेही शब्द तेच आहेत, कुसळ आणि मुसळ. पण मूळ ग्रीकमध्ये मुसळ नाही. तिथे ‘डोकोस’ आहे, म्हणजे छपराचा भार पेलणारी तुळई. घेणे, पेलणे या अर्थाच्या क्रियापदावरूनच तो शब्द आलाय. आणि कुसळाच्या जागी ‘कार्फोस’ आहे, म्हणजे वाळलेली बारीक काडी किंवा ढलपी.

अर्थ दोन्हीकडे एकच निघतो. विनोद मात्र वेगळा होतो, आणि मला तो फार आवडतो म्हणून हे लिहितोय.

आधी आपलं मुसळ. ते एकट्या बाईला दोन्ही हातांनी उचलून कांडता येतं. खाली लोखंडी कडं, मध्ये हातांनी घासून गुळगुळीत झालेली मूठ. भात कांडून सुपाने पाखडताना कुसळं उडतात, त्यातलंच एखादं डोळ्यात जातं. म्हणजे कुसळ आणि मुसळ एकाच अंगणातले, उखळाभोवतीचे. ही जोडी नुसत्या यमकासाठी जुळवलेली नाही. कांडणाऱ्या बाईच्या रोजच्या कामातून ती आलेली आहे.

तुळईचं अंगण वेगळं. येशूच्या गालील प्रांतात घराच्या भिंती दगडाच्या, तिथल्या कफर्णहूम गावात तर काळ्या बेसाल्टच्या. भिंतीवरून भिंतीवर तुळया टाकायच्या, त्यांवर फांद्या आणि बोरू पसरायचे, वर मातीचा थर देऊन तो दाबून घ्यायचा. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. खाली तुळई, वर किलच, त्यावर पांढरी माती, आणि पावसाळ्याआधी माती नीट बसवण्याची तीच धावपळ. खोली किती रुंद होणार हे हाती लागलेल्या तुळईच्या लांबीवर ठरायचं.

आता तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एका माणसाच्या डोळ्यातून घराची तुळई बाहेर आलेली आहे. ती उचलायची तर दोन टोकांना दोन माणसं लागतात. आणि हा मायेने पुढे होतो, ‘थांब भावा, तुझ्या डोळ्यातली ढलपी काढून देतो’. तो वळला की शेजारचे चार जण आडवे! मुसळाने हे चित्र एवढं मोठं होत नाही. ही अतिशयोक्ती लाकूड खांद्यावर वाहिलेल्या माणसाची आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात गावकरी येशूला ‘टेक्टोन’ म्हणतात. हा शब्द आपल्या संस्कृत ‘तक्षन्’चा सख्खा भाऊ. त्यात सुतार येतो आणि घरं बांधणारा कारागीरही येतो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितो की येशू नांगर आणि जू बनवायचा.

शिवाय ढलपी आणि तुळई एकाच लाकडाच्या. वाकसाने तुळई तासली की ढलपी उडते, ती डोळ्यात जाते. ज्याच्या डोळ्यात ढलपी आहे आणि ज्याच्या डोळ्यात तुळई आहे, ते दोघे एकाच कामावरचे भाऊ. तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, रब्बी (धर्मगुरू) तार्फोन यांच्या तोंडी हीच जोडी येते. कुणाला म्हटलं ‘डोळ्यांमधली ढलपी काढ’, तर तो उलट म्हणतो ‘तू तुझ्या डोळ्यांमधली तुळई काढ’. मराठीत हे लाकडाचं भाऊपण हरवतं, कारण कुसळ धान्याचं आणि मुसळ लाकडाचं.

तुळई कशाची, हेही रंजक आहे. श्रीमंताघरी लबानोनचा गंधसरू, म्हणजे सीडर. बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यातली प्रेयसी आपल्या घराच्या तुळया गंधसरूच्या असल्याचं सांगते. साध्या घराला उंबर. बायबलमधला जक्कय येशूला पाहायला ज्यावर चढला तो उंबर आपल्या उंबराचा जवळचा नातलग. त्याचं लाकूड हलकं असतं. तो तोडला तरी बुंध्यातून पुन्हा सरळ फांद्या फुटतात आणि त्या तुळईला चालतात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात लोक फुशारकी मारतात की उंबर तोडले गेले तर जाऊ देत, आम्ही गंधसरू लावू.

या कारागिरीतलं फार थोडं उरलं. दगडी भिंतींचे पाये सापडतात, वरचं लाकूड गेलेलं असतं. म्हणून 1986 साली दुष्काळाने गालीलच्या सरोवराचं पाणी ओसरलं आणि चिखलात दोन हजार वर्षांपूर्वीची होडी दिसली, तेव्हा तिचं एवढं अप्रूप वाटलं. लांबी आठ मीटरच्या थोडी वर. फळ्यांच्या कडांना खाचा पाडून, त्यांत लाकडी जिभा बसवून, वरून ओकच्या खुंट्या ठोकलेल्या. आणि लाकूड तब्बल 12 प्रकारचं! जिथे जे मिळालं ते लावलेलं, कण्याचा एक भाग तर जुन्या होडीचा. लाकूड किती जपून वापरायचे हे त्या ठिगळांतून दिसतं. अशा भागातला माणूस तुळईचा विनोद करतो तेव्हा तिची किंमत त्याला पक्की ठाऊक असते.

मातीच्या छपराची एक गोष्ट मार्कनेच दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे. कफर्णहूमला येशू ज्या घरात होता तिथे दाराशी इतकी गर्दी, की चौघांनी आपल्या पक्षाघाती मित्राला छपरावर नेलं, छप्पर उकरलं आणि तुळयांमधून त्याला बाजेसकट खाली सोडलं. तो चालत घरी गेला. ते भगदाड नंतर कोणी बुजवलं हे मार्क सांगत नाही, पण त्या वेळी घरात एक सुतार होता.