भीती वाटणे आणि विश्वास नसणे

ठाणे आणि नवी मुंबईतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या घरगुती प्रार्थनासभांत कोणी साक्ष द्यायला उभे राहिले की एक वाक्य वरचेवर कानी पडते: ‘माझा विश्वास होता, म्हणून मला भीती वाटली नाही.’ सांगणाऱ्याचा अनुभव खरा असेल आणि त्याबद्दल देवाचे आभारच मानावेत. पण समोर सतरंजीवर बसलेल्या, दुसऱ्या दिवशी बायोप्सीचा अहवाल आणायला जायचे असलेल्या बाईच्या मनात त्याचा उलटा हिशेब मांडला जातो: मला भीती वाटते आहे, त्या अर्थी माझा विश्वास उणा आहे. या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाल्यामुळे आधीच घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर अपराधाचे ओझेही चढते.

विश्वासाची व्याख्या येथे पुन्हा देण्याचे कारण नाही. आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा म्हणजे विश्वास, हे इब्री ११:१ मधील वचन संडे स्कूलमध्येच पाठ झालेले असते. भीतीविषयीही फार सांगण्यासारखे नाही: संकट दिसले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, झोप उडते, आणि यातले काहीही माणसाच्या हुकमावर चालत नाही. काहींच्या अंगी मुळातच धीर अधिक असतो; तो स्वभाव आहे, त्याला विश्वासाचे नाव देऊ नये. औषधे बंद करून ‘आता देवच बघून घेईल’ म्हणणे हाही विश्वास नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे स्तोत्र ९१ मधील वचन पुढे करून सैतानाने सुचवले, तेव्हा परमेश्वराची परीक्षा पाहू नये या अनुवाद नावाच्या पुस्तकातील आज्ञेने प्रभू येशूने त्याला गप्प केले (मत्तय ४:५-७).

खरा घोटाळा होतो तो मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळापाशी, कारण तेथे प्रभू स्वतःच शिष्यांना विचारतो की तुम्ही इतके का घाबरलात, अजून तुम्हांला विश्वास नाही काय. या एका प्रश्नावर भीती आणि अविश्वास एकच ठरवणारे कितीतरी संदेश मी ऐकले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत दोनच वचने मागे जाऊन पाहण्याची तसदी घेतलेली नसते. लाटा मचव्यावर आदळत होत्या, मचवा पाण्याने भरत चालला होता, आणि आत बसलेल्यांत याच समुद्रावर जाळी टाकून पोट भरलेले कोळी होते. वादळ म्हणजे काय हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांच्या भीतीत वावगे काही नव्हते. पण उशीवर डोके टेकून निजलेल्या प्रभूला जागे करून ते काय म्हणाले, ते ३८ व्या वचनात पाहावे: गुरुजी, आपण बुडत आहोत याची तुम्हांला काळजी नाही काय? अविश्वास आहे तो या वाक्यात. बुडण्याची भीती वाटणे वेगळे आणि ‘याला आमची पर्वाच नाही’ असा निकाल त्या भीतीच्या भरात देणे वेगळे. आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. मार्काच्या वृत्तान्तात आधी वारा शांत होतो आणि मग प्रश्न येतो. मत्तयाने प्रश्न आधी दिला आहे. पण भीती जाईपर्यंत सुटका अडवून ठेवल्याचे दोघांपैकी कोणीही लिहिलेले नाही.

आता याच शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडावा. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू व्याकूळ होतो, जमिनीवर पडतो आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी विनवणी करतो. त्याने मोठा आक्रोश करून, अश्रू गाळून प्रार्थना केल्याचे इब्री ५:७ सांगते. भीती वाटणे हाच अविश्वास असेल, तर या बागेतील त्या रात्रीला काय म्हणायचे, याचे उत्तर वरील संदेश देणाऱ्यांनी द्यावे. मचव्यातील शिष्य आणि बागेतील प्रभू, दोघांसमोरही मरण उभे आहे. शिष्य म्हणतात, तुम्हांला काळजी नाही. प्रभू म्हणतो, अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे. माझ्या मते सगळा भेद या दोन वाक्यांत आहे: भीती दोन्हीकडे आहे, पण तिच्यातून बाप कसा आहे याविषयी काढलेला निष्कर्ष वेगळा आहे.

आणि प्याला टळला नाही, हेही विसरू नये. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या तिघा यहुदी तरुणांनीही, देव आम्हांला सोडवील असे म्हटल्यावर, त्याने न सोडवले तरी तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही, असे स्पष्ट सांगितले होते (दानीएल ३:१७-१८). आपल्याच ठाण्यात १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती असलेले फ्रान्सिस्कन संघाचे मिशनरी मारले गेले. त्यांची सुटका झाली नाही म्हणून त्यांचा विश्वास उणा ठरत नाही.

पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे १ योहान ४:१८ मधील वचन रुग्णाच्या उशाशी म्हटलेले मला मुळीच रुचत नाही. तेथे बोलणे चालले आहे ते न्यायाच्या दिवसाचे, आणि घालवायची आहे ती शिक्षेची भीती. धन्याने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवणारा दास (मत्तय २५) त्या भीतीचा नमुना आहे: तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो, असे तो सांगतो. अशी भीती अविश्वासातूनच निघते आणि तिच्यावर ते वचन नेमके लागू पडते. भूल दिल्यावर शुद्ध येईल की नाही, ही भीती त्या जातीची नव्हे.

ठाण्यातील एका रुग्णालयात शेजारच्या मावशी शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करीत होत्या. पेन दोनदा घसरले, आडनावाचे शेवटचे अक्षर रकान्याबाहेर गेले. भेटायला आलेले एक बंधू म्हणाले, ‘मावशी, भिऊ नका, प्रभूला भीती आवडत नाही.’ मावशींनी उत्तर दिले नाही. त्यांनी पुढच्या पानावर दुसरी सही केली. करिंथकरांकडे आपण भीत भीत आणि थरथर कापत आलो होतो, असे प्रेषित पौल मोकळेपणाने लिहितो (१ करिंथ २:३). तो थरथरत गेला, पण गेला. मावशींची सहीही त्याच जातीची होती.

‘भिऊ नको’ हे शब्द पवित्र शास्त्रात ३६५ वेळा, म्हणजे दर दिवसाला एकदा, आल्याचा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतो. मोजून पाहिल्यास तो आकडा येत नाही, आणि तशी गरजही नाही. मरीयेला, मेंढपाळांना, गिदोनाला हे शब्द ऐकवले गेले ते सर्वजण घाबरून गेल्यावर. त्यांत धीर आहे, आरोप नाही.

भीती आठवडेच्या आठवडे टिकली, विनाकारण छाती दाटू लागली, घराबाहेर पडणे बंद झाले, तर तो आजार असू शकतो. पाळकांनी अशा माणसाबरोबर प्रार्थना करावी आणि त्याला डॉक्टरांकडेही पाठवावे. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, क्रमांकावर बोलता येते.

घाबरलेल्या माणसाजवळ वाचायला मी नेहमी स्तोत्र ५६ सुचवतो. पलिष्ट्यांनी दाविदाला गथ येथे धरले तेव्हाचे ते आहे, असे त्याचा मथळा सांगतो. गथ हे धिप्पाड पलिष्टी योद्धा गल्याथ याचे गाव. त्याला लोळवणारा दावीदच गथच्या आखीश राजापुढे फार भ्याला, असे १ शमुवेल २१:१२ मध्ये लिहिले आहे. स्तोत्राच्या तिसऱ्या वचनात तो म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. चौथ्यात म्हणतो, मी भिणार नाही. आणि पाचव्यात शत्रू दिवसभर माझे शब्द पिरगाळतात, ही तक्रार पुन्हा सुरू होते. म्हणून चौथ्या वचनावर न थांबता तेराही वचने सावकाश वाचावीत, आणि ऐकणाऱ्याला मध्येच रडू आले तर ‘भिऊ नका’ असे म्हणून त्याला अडवू नये.