कडक तळ, वेगळे पाय: हिवाळी गिर्यारोहणाच्या बुटांची पार्श्वभूमी

चवडा रुंद, पावलाचा वरचा भाग उंच, टाचेमागे हाड वाढलेलं किंवा अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, असं काहीही असलं तरी हिवाळी बूट घेताना सल्ला बहुधा एकच मिळतो: एक नंबर मोठा घ्या. ट्रेकिंगच्या बुटात तो एक वेळ खपून जातो. बी-थ्री दर्जाच्या, तळ अजिबात न वाकणाऱ्या बुटात मात्र तो नवीन दुखणं उभं करतो. तरीही तोच सल्ला का उरला, याचं उत्तर गेल्या चार-पाच दशकांत बूट ज्या पद्धतीने बनत गेले त्यात आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. खिळे ठोकलेले चामड्याचे बूट लाकडी कालबुतावर शिवले जात आणि कालबूत गिऱ्हाइकाच्या पायाप्रमाणे थोडंफार बदलता येत असे. शिवाय चामडं पायाचं ऐकतं. हाड टोचतं तिथे ते भिजवून, ताणून जागा करता येते. १९३५ साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्यातून इटलीत खाचांच्या रबरी तळाची कल्पना पुढे आली आणि १९३७ पासून तो तळ खिळ्यांची जागा घेऊ लागला. थंडीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९५० साली अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचलेल्या दोघांनीही हिमदंशात पायाची बोटं गमावली. १९५३ साली एव्हरेस्टच्या शेवटच्या छावणीत एकाचे बूट रात्रीत गोठले आणि ते स्टोव्हवर ऊब देऊन नरम करण्यात पहाटेचे दोन तास गेले. त्या काळातला धडा आजही तोच आहे: आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि रक्त फिरलं नाही तर कितीही अस्तर घाला, बोटं गारच राहतात. म्हणजे वेगळ्या आकाराच्या पायाला बूट न बसणं ही इथे नुसत्या फोडांची गोष्ट राहत नाही.

कोरियन युद्धाच्या सुमारास अमेरिकी लष्कराने हवाबंद रबरी थरांचे फुगीर बूट काढले. पुढे अलास्कात डेनाली शिखरावर जाणाऱ्या अनेकांनी ते वापरले. तळ मऊ असल्याने क्रॅम्पॉनच्या, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बसवायच्या दातेरी सांगाड्याच्या, पुढच्या दातांवर उभं राहायला ते फारसे कामाचे नव्हते. पण एक बाब नोंदवायलाच हवी. हे बूट लांबीच्या नंबराबरोबर अरुंद, मध्यम आणि रुंद अशा वेगवेगळ्या मापांत मिळत. लष्कराला सैनिकांचे पाय निवडून घेता येत नव्हते, म्हणून त्याने बूट पायांप्रमाणे केले. गिर्यारोहणाच्या बाजारात हे त्या प्रमाणात कधीच झालं नाही.

उभ्या बर्फावर पुढच्या दातांनी चढण्याची पद्धत रुळली तसा तळ कडक होत गेला. क्रॅम्पॉन घट्ट बसावा म्हणून बुटाच्या पुढे आणि मागे ठरावीक मापाची कडा आली. इथून पुढे बुटाचं खालचं अर्धं अंग पायाऐवजी क्रॅम्पॉनच्या मापाने ठरू लागलं.

मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात स्कीच्या बुटांवरून प्लॅस्टिकचे दुहेरी बूट आले. बाहेर कडक कवच, आत काढता येणारा फेल्टचा किंवा फोमचा बूट. त्यांची नालस्ती खूप झाली: जड, आवाज करणारे, घोट्याला जखडणारे, आत घाम साचवणारे. यातलं काहीच खोटं नाही. पण वेगळ्या पायांच्या माणसासाठी यापेक्षा चांगला काळ आलेला नाही, असं मला ठामपणे वाटतं. कारण या बुटात माप घेण्याचं काम दोन भागांत विभागलं होतं.

आधी आतला बूट काढून पाय नुसता कवचात घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते हाताच्या बोटांनी बघायचं. एक ते दोन बोटं मावली की लांबी ठरली. मग आतल्या बुटाकडे वळायचं. नव्वदच्या दशकात उष्णतेने आकार घेणारे फोमचे आतले बूट सुटे मिळू लागले. ते गरम करून, बोटांवर टोपी घालून पायात चढवले आणि निवेपर्यंत स्थिर उभं राहिलं की पायाचे उंचसखल भाग त्यात उमटत. एवढ्याने भागलं नाही तर कवचालाच हात घालता येत असे. मोज्यावर हाडाच्या जागी रंग लावायचा, पाय कवचात घालून ती खूण आतून उमटवायची, तेवढाच भाग गरम हवेने मऊ करायचा आणि आतून दाब देऊन बाहेर काढायचा. क्रॅम्पॉनच्या कडेजवळ हे करता येत नाही, कारण तिथे फुगवटा आला तर पकड बसत नाही. पण करंगळीची बाजू, अंगठ्याचं हाड, टाचेची मागची बाजू या नेहमीच्या दुखऱ्या जागा सोडवता येत. दोन पाय दोन मापांचे असतील तर मोठ्या पायाप्रमाणे कवच घेऊन लहान पायाच्या बाजूला जाड आतला बूट घालता येई.

हे बूट मागे पडले ते २००० नंतर, आणि तो निर्णय बरोबर होता का यावर अजून मतभेद आहेत. बनवणाऱ्यांची बाजू वजनदार आहे. जुनं प्लॅस्टिक वर्षानुवर्षांच्या दमटपणाने आतून कमकुवत होतं आणि वरून धडधाकट दिसणारं कवच थंडीत चढाईच्या मधेच तडकल्याच्या घटना घडल्या आहेत. नवे बूट चालायला सोपे, घोट्यात मोकळे, वरून गेटर (बर्फ आत जाऊ न देणारं आवरण) जोडलेले आणि तांत्रिक चढाईत कितीतरी नेमके आहेत. ज्याचा पाय त्यांच्या लास्टशी, म्हणजे कालबुताशी, जुळतो त्याने जुन्या कवचाची आठवण काढायचं काही कारण नाही.

ज्याचा जुळत नाही त्याचं काय, हा प्रश्न त्या बदलात बाजूला पडला. नव्या बुटाचं बाहेरचं अंग म्हणजे कापड, पापुद्रा, अस्तर आणि गोंद यांचे थर. ते तापवलं तर गोंद सुटण्याची भीती, ताणलं तर पापुद्रा फाटण्याची. आतला बूट काही मॉडेल्समध्ये आजही गरम करून बसवता येतो, पण त्याच्याभोवतीची जागा आता वाढत नाही. एका मॉडेलला एकच लास्ट, त्यामुळे रुंदी एकच. यामागे हिशेब आहे: प्रत्येक नंबराच्या तळाला वेगळा साचा लागतो, दोन रुंद्या ठेवायच्या तर साचे आणि साठा दोन्ही वाढतात, आणि हा बाजार मुळातच लहान. हे कारण समजतं, पण ट्रेकिंगच्या बुटांत रुंद आवृत्ती ठेवणं काहींना जमतं आणि जिथे बोटं गमावण्याचा धोका आहे तिथे ती क्वचितच दिसते, हे खटकतं.

म्हणून मोठ्या नंबराचा सल्ला. युरोपीय मापात एका नंबराने लांबी ६.७ मिलिमीटरने वाढते, चवड्याचा घेर साधारण ५ मिलिमीटरने, आणि आडवी रुंदी त्याहून बरीच कमी. म्हणजे रुंदीत तीन-चार मिलिमीटर मिळवायचे तर दोन नंबर वर जावं लागतं आणि लांबी सव्वा सेंटिमीटरहून जास्त वाढते. तळ वाकत नसल्याने चालताना टाच आधीच उचलली जाते, ती आता आणखी उचलते. पुढच्या दातांवर उभं राहिलं की पोटऱ्यांवर जास्त ताण येतो, कारण दात बोटांपासून लांब गेलेले असतात. उतरताना पाय पुढे घसरतो आणि नखं काळी पडतात. टाच आवरायला लेस करकचून आवळली की पावलावरचा रक्तप्रवाह अडतो. ज्या थंडीपासून वाचायला मोठा बूट घेतला, तीच दुसऱ्या दाराने आत येते.

अलीकडच्या काही गोष्टींनी थोडी मोकळीक दिली आहे. बायकांसाठीच्या लास्टवर टाच अरुंद आणि आतली जागा कमी असते, त्यामुळे बारीक टाचेचे पुरुषही ते बूट घेतात. दोन टप्प्यांत बांधायच्या लेसमुळे चवडा सैल ठेवून घोटा आवळता येतो. टाचेखाली पाचर, बुटाच्या जिभेखाली फोमची पट्टी, पायाच्या कमानीप्रमाणे बनवलेला बुटाच्या आतला तळवा हे उपाय जास्त जागेच्या बुटात चांगले चालतात. कमी जागेच्या बुटात एकही चालत नाही. म्हणून लांबीपेक्षा आधी आतली जागा बघावी. पायाचं त्रिमितीय स्कॅन आता अवघड राहिलेलं नाही, पण त्यातून निघालेले आकडे जुळवून बघायला बुटाच्या लास्टचे आकडे जाहीर असावे लागतात. स्कीच्या बुटांवर ते असतात, तेही एका ठरावीक नंबरासाठी. लांबी आणि रुंदी दोन्ही मिलिमीटरमध्ये सांगणारी मोंडोपॉइंट ही आंतरराष्ट्रीय पद्धतही कित्येक वर्षांपासून आहे. हिवाळी गिर्यारोहणाच्या बुटाच्या खोक्यावर मात्र बहुतेक वेळा फक्त लांबीचा नंबर छापलेला असतो.